नदीतले लहान मिशीवाले मासे: ओळखायचे कसे, घरच्या टाकीत सांभाळायचे कसे

नागपुरातल्या कुठल्याही ॲक्वेरियमच्या दुकानात कॅटफिश मागितला की काचेला चिकटलेला सकर पुढे येतो. तो दक्षिण अमेरिकेतला. कन्हान, पेंच, वेणा या आपल्या नद्यांत आणि रामटेक-भंडाऱ्याकडच्या तलाव-बोड्यांत बोटभर लांबीचे, रुपेरी-तपकिरी अंगाचे, लांब मिशांचे किती सुंदर मासे आहेत, हे इथल्याच पुष्कळ मत्स्यप्रेमींना ठाऊक नसतं. हे मासे काटक आहेत, घोळक्यात राहतात, अंधार पडला की टाकीभर हिंडतात आणि नीट ठेवले तर वर्षानुवर्षं जगतात. पण एक अट आहे. मासा घरी आणण्याआधी तो कोणता आहे हे कळलं पाहिजे. लहानपणी हे सगळे जवळजवळ सारखेच दिसतात. त्यातला एक मोठेपणी पंधरा सेंटिमीटरवर थांबतो आणि दुसरा मीटरभर वाढतो. टाकी, सोबती, खाणं, सगळं या एका उत्तरावर ठरतं, म्हणून या लेखात ओळखीला जास्त जागा दिली आहे.

पहिली पायरी: मासा कुठून आणि कधी आणायचा

सगळ्यात चांगला काळ ऑक्टोबर-नोव्हेंबर. हे मासे पावसाळ्यात अंडी घालतात, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास चार ते सहा सेंटिमीटरची पिल्लं भरपूर असतात. हवा निवलेली असते, वाटेत मासे मरत नाहीत आणि पुढचा मे महिना येईपर्यंत त्यांना टाकीत रुळायला सहा महिने मिळतात. जून-जुलैत पाण्याबरोबर चढणारे, पोट फुगलेले मासे आणू नका. ती अंड्यांवर आलेली मादी असते. तिला तिथेच राहू द्या.

स्वतः जाळं घेऊन उतरण्यापेक्षा मासेमाराकडून जिवंत मासा घेणं चांगलं. बहुतेक तलावांची मासेमारी मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते, तिथे परस्पर जाळं टाकणं म्हणजे कुणाच्या तरी पोटावर पाय देणं. पेंच व्याघ्र प्रकल्पात, तोतलाडोहच्या जलाशयात किंवा कुठल्याही अभयारण्यात तर मासा धरायचाच नाही, तो वन्यजीव कायद्याचा भंग ठरतो. नाग आणि पिवळी नदीचे प्रवाह शहराचं सांडपाणी वाहून नेतात, तिथले मासेही नकोत.

सकाळी लवकर काठावर जा. ढीवर बांधवांना तलावातला एकेक मासा हातच्या रेषांसारखा माहीत असतो. जाळ्यातून निघालेला लहानसा मिशीवाला मासा त्यांच्या लेखी किरकोळ माल, पण आदराने विचारलंत तर ते थांबून दाखवतात. "काका, हा वाढून केवढा होते?" हा प्रश्न नक्की विचारा. गावागणिक नावं बदलतात. एकाचा टेंगरा तो दुसऱ्याचा शिंगटा, तेव्हा नावावर जाऊ नका. माशाच्या वाढीबद्दल ते जे सांगतील ते मात्र मनावर घ्या.

घेताना फेकजाळ्यातला किंवा बांबूच्या सापळ्यातला मासा निवडा. गळाचा मासा तोंडात फाटलेला असतो आणि अडकजाळ्यातल्याचे कल्ले सोललेले असतात, असे मासे आठवडाभरात बुरशी लागून जातात. मिशा पूर्ण आहेत का, डोळे स्वच्छ आहेत का, अंगावरचा बुळबुळीत थर शाबूत आहे का, तेवढं पाहा. या माशांना खवले नसतात. तो बुळबुळीत थर हेच त्यांचं चिलखत.

दुसरी पायरी: हात लावण्याआधी काट्यांबद्दल

पाठीच्या पराच्या (पर म्हणजे माशाचा पोहण्याचा पंख) सुरुवातीला एक आणि छातीच्या दोन परांना एकेक असे तीन काटे यांना असतात. घाबरला की मासा ते ताठ करून सांध्यात अडकवतो, मग ते दाबून मिटत नाहीत. छातीच्या काट्यांना आतून करवतीसारखे दात असतात. जाळीत गुंतलेला मासा ओढून काढला तर काटा तुटतो किंवा मुळाशी जखम होते. त्यामुळे यांना जाळीने धरूच नका, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या वाडग्यात पाण्यासकट उचला. जाळीत अडकलाच तर जाळी कात्रीने कापा. जाळी नवी येते.

प्लास्टिकची पिशवीसुद्धा हे काटे सहज भोसकतात. झाकणाची बादली सगळ्यात बरी. पिशवीच वापरायची असेल तर दोन पिशव्या घ्या आणि मध्ये वर्तमानपत्राचे दोन-तीन थर घाला.

काटा लागलाच तर जखम धुवा आणि तो हात किंवा पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात, पंचेचाळीस अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास ठेवा. या माशांचं विष उष्णतेने निकामी होतं, म्हणून बर्फापेक्षा गरम पाण्याने आराम पडतो. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने आधी बघा, नाहीतर भाजेल. काट्याचा तुकडा आत राहिला, सूज चढत गेली किंवा धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर थेट डॉक्टरांकडे जा.

तिसरी पायरी: ओळख

एक अरुंद काचेचं भांडं जवळ ठेवा. काच कापणाऱ्याकडून चार तुकडे आणून सिलिकॉनने जोडले की वीस सेंटिमीटर लांब आणि चार सेंटिमीटर रुंद अशी फोटोची टाकी तयार होते. तिच्यात मासा वळू शकत नाही, एका कुशीवर स्पष्ट दिसतो. मागे पांढरा कागद, बाजूला पट्टी. एक फोटो बाजूने घ्या, एक समोरून थोडा खालच्या अंगाने. हा दुसरा फोटो मिशा मोजण्यासाठी.

मिशांपासून सुरुवात करा. चार जोड्या असतील तर नाकाजवळ एक, वरच्या जबड्याच्या कोपऱ्यात एक आणि हनुवटीखाली दोन. टेंगरा गटाला, म्हणजे मिस्टस वंशाला, चार जोड्या असतात. शिंगी आणि मागूर या इतर मिशीवाल्या माशांनाही चारच. रिटाला तीन. दोनच जोड्या दिसल्या तर समोर पाबदा किंवा वालागो आहे. नाकाजवळची मिशी फार बारीक असते आणि डोक्याला चिकटून बसते, ती हमखास नजरेतून सुटते. फोटो मोठा करूनच मोजा.

मग पाठ बघा. पाठीचा पर आणि शेपटी यांच्या मध्ये मऊ, काटे नसलेला, मांसल असा आणखी एक पर असतो, त्याला मेदपर म्हणतात. मिस्टस आणि रिटाला तो असतो. शिंगी, मागूर, पाबदा, वालागो यांना नसतो. मिस्टसमधल्या जाती एकमेकींपासून वेगळ्या करायच्या तर हाच पर सगळ्यात विश्वासाचा. रंगावर फार विसंबू नका. बादलीतला घाबरलेला मासा दहा मिनिटांत फिका पडतो आणि पट्टे नाहीसे होतात.

आता जाती. मिस्टस व्हिटाटसच्या कुशीवर लांबीच्या दिशेने चार-पाच गडद-फिके पट्टे असतात आणि कल्ल्यामागे खांद्यावर काळा ठिपका. मेदपर आखूड असतो, पाठीच्या परापासून बराच मागे सुरू होतो, मधली मोकळी पाठ स्पष्ट दिसते. हा साधारण दहा ते पंधरा सेंटिमीटरचा होतो. नवख्यासाठी पहिली निवड हीच. दुकानांत या नावाने मिस्टस टेंगरासुद्धा विकला जातो. पट्टे तसेच, पण त्याचा मेदपर लांब आणि पाठीच्या पराला जवळजवळ लागून. आकाराने दोघे सारखे, सांभाळायची पद्धतही एकच, त्यामुळे इथे गफलत झाली तरी माशाचं नुकसान नाही.

मिस्टस ब्लीकेरीचा मेदपरही लांब, पाठीच्या पराला टेकलेला. अंग गडद राखाडी-तपकिरी आणि त्यावर दोन फिकट पट्टे, एक कुशीच्या मधल्या रेषेच्या वर, एक खाली. खांद्यावर ठिपका. हाही लहान जातीतला, घरच्या टाकीला योग्य.

खरी कसोटी मिस्टस कॅवेसियसची. अंग चकचकीत रुपेरी, पट्टे नाहीत, पाठीच्या काट्याच्या मुळाशी छोटासा काळा डाग. वरच्या जबड्याच्या मिशा शेपटीपर्यंत पोचतात आणि शेपटीची वरची फाळ खालच्यापेक्षा लांब असते. पिल्लू इतकं देखणं असतं की मोह आवरत नाही. पण हा चाळीस सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो. सहा फुटांची टाकी नसेल तर सोडून द्या.

त्याहून सावध राहायचं ते शिंगाळ्याच्या, म्हणजे स्पेराटाच्या पिल्लाबाबत. तोंड लांबट आणि चपटं, मेदपराच्या मागच्या टोकाला ठसठशीत काळा गोल डाग. तो डाग दिसला की मासा काठावरच परत द्या. हा मीटरभराच्या पुढे जातो. वालागोचं पिल्लूही तसंच. त्याची तोंडाची फट डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, तर पाबद्याची डोळ्याच्या अलीकडेच थांबते. वालागो दोन मीटरपर्यंत वाढणारा शिकारी आहे आणि जगात त्याची संख्या घटत असल्याने तो असुरक्षित जातींमध्ये मोडतो. पाबदाही लहान राहत नाही. शिवाय तो फार भित्रा, नव्या हातात टिकत नाही.

शिंगीची पाठ ओळखायला सोपी: पाठीचा पर इवलासा, काटा नाही, मात्र पोटाखालचा पर शेपटीपर्यंत लांबच लांब. छातीच्या काट्यांतलं विष या सगळ्यांत जहाल, डंख झाला तर तास न् तास ठणका राहतो. घरात लहान मुलं असतील तर शिंगी नकोच. मागूरचा पाठीचा परही शेपटीपर्यंत लांब असतो. बाजारात जिवंत दिसणारा मोठा मागूर पुष्कळदा आफ्रिकन असतो, त्याच्या पैदाशीला आणि विक्रीला भारतात बंदी आहे. देशी मागूर स्वतः धोक्यात आलेली जात आहे. दोन्ही बाजूंनी विचार केला तर मागूर घरी आणण्याचं कारण उरत नाही.

छातीवर सुरकुत्यांची चकती असलेला, दगडाला चिकटणारा चपटा मासा सापडला तर तो ग्लिप्टोथोरॅक्स, खळाळत्या थंड पाण्यातला. नागपूरचा उन्हाळा त्याला सोसत नाही. अंगावर कडक चौकोनी पट्ट्या असलेला मासा जाळ्यात आला तर तो कुणीतरी टाकीतून सोडलेला सकर. उजनी धरणात या माशाने मासेमारांना फार छळलंय.

इंटरनेटवरचे बहुतेक फोटो आणि वर्णनं बंगाल-आसामकडची असतात, म्हणजे गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातली. आपली कन्हान वैनगंगेला मिळते, वैनगंगा-वर्धा मिळून प्राणहिता होते आणि ती गोदावरीत जाते. खोरं वेगळं, म्हणून जातीही काही ठिकाणी वेगळ्या. गंगेत रिटा रिटा आहे, गोदावरी-कृष्णेत रिटा कुटुर्नी. फोटो ताडून पाहताना तो मासा कुठल्या नदीचा आहे हे आधी वाचा.

चौथी पायरी: टाकी

पाच-सहा मिस्टस व्हिटाटससाठी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकी घ्या. तिच्यात साधारण १३० लिटर पाणी मावतं. एकटा मासा ठेवू नका, तो दिवसभर कोपऱ्यात दडून बसतो आणि चिडका होतो. पाच-सहा असले की भांडण वाटलं जातं आणि संध्याकाळी सगळे मिळून बाहेर पडतात.

तळाला बारीक नदीची वाळू, पाणी नितळ निघेपर्यंत धुतलेली. टोकदार रंगीत खडी नको, मिशा झिजतात आणि झिजलेल्या मिशीतून संसर्ग शिरतो. लपायला माशांच्या संख्येपेक्षा एक-दोन जागा जास्त हव्यात: दीड-दोन इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे, काळे दगड, पाण्यात भिजवून जड केलेलं लाकूड. प्रकाश मंद. वर झाकण घट्ट, कारण हे मासे पहिल्या काही रात्री उडी मारतात.

टाकी भरली की लगेच मासे सोडायचे नाहीत. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. ओळखीच्या कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर काम पुष्कळ लवकर होतं. थेंबांचं टेस्ट किट आणा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की टाकी तयार.

पाण्याच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. नागपूरच्या नळाला येतं ते पेंच आणि कन्हानचंच पाणी, म्हणजे या माशांचं माहेरचं. फक्त त्यातलं क्लोरीन काढायचं: अँटीक्लोरीनचे थेंब घाला किंवा पाणी उघड्या बादलीत एअर पंप लावून दिवसभर ठेवा. बोअरचं पाणी असेल तर तेही रात्रभर हवा देऊनच वापरा, कारण जमिनीतून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नाहीतर क्लोरीनने जिवाणू मरतात.

पाचवी पायरी: पहिला महिना वेगळ्या टाकीत

नदीतला मासा परजीवी घेऊनच येतो असं धरून चाला. नवे मासे निदान तीन-चार आठवडे साध्या वेगळ्या टाकीत ठेवा: तळ मोकळा, दोन-तीन पाइप, एक स्पंज फिल्टर. आणल्यावर बादलीत टाकीचं पाणी थोडं थोडं मिसळत तासभर घालवा, मग मासा वाडग्याने उचलून सोडा. बादलीतलं पाणी टाकीत ओतू नका.

रोज टॉर्च लावून बघा. मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके, अंगावर सरकणारी चपटी गोल मासळीची ऊ, कातडीतून बाहेर लोंबणारा दोऱ्यासारखा किडा, ही तीन दुखणी नेहमीची. पांढऱ्या ठिपक्यांना पाण्याचं तापमान हळूहळू ३० अंशांवर नेऊन, हवा वाढवून, औषध बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरू करा. खवले नसल्यामुळे औषध थेट कातडीतून शिरतं. तांबं असलेली औषधं आणि पोटॅशियम परमँगनेट यांच्या वाटेला नवख्याने जाऊच नये.

जेवण दिवा मालवल्यावर. सुरुवातीला कोरडं खाणं ते तोंडातही घेत नाहीत. गांडुळाचे तुकडे, बारीक चिरलेले झिंगे, गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) द्या. घाणेरड्या नाल्यातून येणारे जिवंत ट्युबिफेक्स किडे नकोत. दोन-तीन आठवड्यांनी तळाला बसणाऱ्या गोळ्या झिंग्याच्या रसात भिजवून द्यायला लागा, एकाने उचलली की बाकीचे शिकतात. सकाळी उरलेलं काढून टाका.

सोबती निवडताना एकच पाहा: तो माशाच्या तोंडात मावतो का. गप्पी आणि निऑन टेट्रा रात्रीत गायब होतात. आपल्याच नदीतले उंच अंगाचे पुंटियस किंवा वरच्या थरात धावणारे जायंट डॅनिओ चांगले. संथ, लांब परांचे गोल्डफिश आणि एंजल नकोत.

सहावी पायरी: नागपूरचा उन्हाळा

२५ अंशांच्या पाण्यात प्रत्येक लिटरमागे साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांवर सातही मावत नाही. त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. उन्हाळ्यात मासे उष्णतेने मरतात असं वाटतं, पण बहुतेक वेळा ते गुदमरतात, आणि तेही पहाटे किंवा वीज गेल्यावर. म्हणून एप्रिलच्या आधी बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा, फिल्टर इन्व्हर्टरवर जोडा.

टाकी पश्चिमेच्या भिंतीला किंवा गच्चीखालच्या खोलीत नको. ज्या खोलीत कूलर चालतो तीच टाकीची खोली करा. झाकणाऐवजी जाळी लावून पाण्यावर छोटा पंखा सोडला तर पाणी दोन-तीन अंश उतरतं, फक्त उडालेलं पाणी रोज भरावं लागतं. बर्फाच्या बाटल्या टाकल्या की तापमान तासातासाला वरखाली होतं, त्याने मासा जास्त दमतो. मे महिन्यात खाणं निम्म्यावर आणा.

डासांची अगरबत्ती, लिक्विड, फवारा यांतली पायरेथ्रॉइड नावाची कीटकनाशकं माणसाला फारशी बाधत नाहीत, पण माशाला थोडीशीही मारक ठरतात. एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलत असतो. गल्लीत फॉगिंगची गाडी आली की खिडक्या लावा, टाकीवर ओला कपडा टाका आणि धूर विरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं पंप बंद ठेवा.

थंडीची फार काळजी नाही. डिसेंबर-जानेवारीत पाणी अठरा-वीस अंशांवर आलं तर मासे सुस्तावतात, कमी खातात, एवढंच. नुकत्याच आणलेल्या किंवा आजारी माशांच्या टाकीत तेवढा हीटर लावा.

रात्री दिवा मालवून शांत बसलात तर कधीकधी टाकीतून बारीक करकर ऐकू येते. छातीचा काटा सांध्यात घासून मासा तो आवाज काढतो, बहुधा पाइपवरून भांडण झालं की. एकाच माशाचे पर रोज फाटलेले दिसू लागले तर आणखी दोन पाइप टाका. तरी थांबलं नाही तर त्या माशाला महिनाभर वेगळं ठेवून पुन्हा सोडा आणि सोडण्याआधी सगळ्या दगडांची मांडणी बदला, म्हणजे कुणाचीच जागा ठरलेली राहत नाही.

मासे डोईजड झाले, बदली झाली, टाकी मोडायची वेळ आली, तर दुसरा पाळणारा शोधा किंवा दुकानदाराला द्या. फुटाळ्यात, अंबाझरीत किंवा ज्या तलावातून आणला त्या तलावातसुद्धा परत सोडू नका. टाकीत दुकानच्या माशांबरोबर राहिलेला मासा त्यांचे रोगही अंगावर घेऊन जातो, आणि त्या तलावावर ढीवरांची घरं चालतात.